कीबोर्ड घेताय? आधी एकच विचारा, एफएन हलतं का

माझं काम दिवसभर मराठी टायपिंगचं, भाषांतर आणि प्रूफं, आणि ते सगळं इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीची जी ठरलेली सरकारी कीबोर्ड मांडणी आहे तिच्यावर. दोनेक वर्षांपूर्वी डाव्या करंगळीचं मधलं पेर संध्याकाळ झाली की ठणकायला लागलं. आधी वाटलं थंडी, मग वाटलं वय, शेवटी एक दिवस बसून स्वतःचाच हात बघत टाइप केलं तेव्हा कळलं की करंगळी अख्खा दिवस शिफ्ट नाहीतर कंट्रोल धरून बसलेली असते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर शिफ्टवर, ख घ थ ध भ शिफ्टवर, ण ळ श ष पण शिफ्टवर. 'आणि' लिहायला तीन बटणं, त्यातली दोन शिफ्टसकट. 'ओळख' लिहून बघा, ओ शिफ्टवर, ळ शिफ्टवर, ख शिफ्टवर, तीनपैकी तीन. इंग्रजीवाला वाक्याच्या सुरुवातीला एकदा शिफ्ट दाबतो आणि मोकळा होतो, आपलं तसं नाही. फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे, लिहिणारे पण अगदी सुटलेले नाहीत, बऱ्याच टूल्समध्ये न-ण आणि त-ट शिफ्टनेच वेगळे करावे लागतात.

तर तेव्हापासून मी या मॉडिफायर बटणांच्या मागे लागलो. मॉडिफायर म्हणजे जी बटणं एकटी काही लिहीत नाहीत, दुसऱ्याच्या जोडीने काम करतात ती, शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, आणि विंडोजचं बटण किंवा मॅकचं कमांड. ही बटणं आपल्याला हवी तिथे नेता येतील असा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, कीबोर्ड कसा निवडायचा ते लिहितोय, कारण यात मी एकदा पैसे घालवलेत.

आधी फुकटात करून बघा

कीबोर्ड घ्यायच्या आधी आठवडाभर आहे त्याच कीबोर्डवर बटणं बदलून वापरा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज नावाचं फुकट टूल आहे, त्यात कीबोर्ड मॅनेजर, तिथे कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकायचं, दोन मिनिटांचं काम. मॅकवाल्यांना तर काही डाउनलोडही करायला नको, सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात मॉडिफायर कीज. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, त्यांनी हे आधीच केलेलं असतं.

कॅप्स लॉकपासूनच सुरुवात का, तर हाताच्या ठेवणीत इंग्रजी ए च्या डाव्या बाजूला एवढं ऐसपैस बटण आणि देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतंच. म्हणजे मराठी लिहिताना ते बटण निव्वळ जागा अडवतं. आणि ही जागा मुळात कंट्रोलचीच होती बरं का. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला त्याच्या ८३ बटणांच्या कीबोर्डवर कंट्रोल ए च्या शेजारीच होतं, पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला तेव्हा ते खाली कोपऱ्यात गेलं आणि कॅप्स लॉक वर येऊन बसलं, आणि आपण सगळे तेव्हापासून करंगळी वाकडी करतोय. जपानच्या पीएफयू कंपनीने १९९६ मध्ये हॅपी हॅकिंग कीबोर्ड काढला त्यात कंट्रोल परत वर आणलं, ते अजून तसंच आहे, पण त्याची किंमत बघून मी तो टॅब बंद केला.

आठवड्यानंतर जर बोटांना बरं वाटत असेल तर पुढचं वाचा. नाही वाटलं तर साधा कीबोर्ड घ्या आणि पैसे वाचवा, खरंच सांगतोय.

मग हे फुकटात होतंय तर कीबोर्ड कशाला, असं कोणीही विचारेल. कारण हे बदल कॉम्प्युटरमध्ये असतात, कीबोर्डात नाही. पॉवरटॉईज चालू असेल तोवरच चालतात, लॉगिनच्या स्क्रीनवर नाही, बायॉसमध्ये नाही, अॅडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रॅममध्ये कधी चालतात कधी नाही. रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांचे तर दोन्हीकडे बदल लावले की दुप्पट हाल. आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाले काही इन्स्टॉल करू देत नाहीत. कीबोर्डाच्या आतल्या चिपमध्येच बदल बसले की हे सगळं संपतं, कीबोर्ड उपटून दुसऱ्या मशीनला लावा, तुमची बटणं तुमच्याबरोबर येतात.

'प्रोग्रॅमेबल' या शब्दावर जाऊ नका

माझा पहिला मेकॅनिकल कीबोर्ड सेलमधून घेतलेला, कंपनीचं नाव नको. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, फुल्ली प्रोग्रॅमेबल. घरी आणून बघतो तर सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, ते पण कुठल्यातरी ड्राइव्हच्या लिंकवरून झिप फाइल, उघडल्यावर अर्धे मेनू चिनी. बरं ते पण चालवून घेतलं. अक्षरांची बटणं बदलत होती, एफ-रांग बदलत होती, आरजीबी दिवे तर अठरा प्रकारे नाचत होते. पण विंडोजच्या बटणावर क्लिक केलं की काहीच होईना, आणि एफएन, म्हणजे जे धरून दुसरं बटण दाबलं की आवाज वगैरे बदलतो ते, चित्रात राखाडी रंगाचं, हातच लावता येत नाही. म्हणजे ज्यासाठी घेतला तेवढंच सोडून बाकी सगळं प्रोग्रॅमेबल. आठ दिवसांत रिटर्नची मुदत संपली, आता तो भाच्याकडे आहे आणि भाचा दिव्यांवर खूश आहे.

एफएन का हलत नाही ते कळलं की कीबोर्ड ओळखायला सोपं जातं, म्हणून जरा थांबून सांगतो. यूएसबी कीबोर्ड कॉम्प्युटरला जो निरोप पाठवतो त्याचा सगळ्यात साधा प्रकार आठ बाइटचा असतो. त्यातली पहिली बाइट फक्त मॉडिफायरांसाठी राखलेली. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून मॉडिफायर पण बरोब्बर आठ, डावं-उजवं कंट्रोल, डावं-उजवं शिफ्ट, डावं-उजवं ऑल्ट, डावं-उजवं विंडोज. बघा, यात एफएनला जागाच नाही. एफएन दाबलं तर बहुतेक कीबोर्ड कॉम्प्युटरला काही कळवतच नाहीत, आतल्या आतच चिप ठरवते की आता या बटणाचा अर्थ आवाज वाढवणे. त्यामुळे पॉवरटॉईज असो की आणखी काही, कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरला एफएन दिसतच नाही, हलवणार कसं. ते हलवायचं तर चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, त्याला हात घालता आला पाहिजे.

म्हणून माझा नियम एकच झालाय. दुकानात असो नाहीतर ऑनलाइन, विचारायचं, एफएन दुसरीकडे नेता येतं का? 'हो' आलं तर समजा फर्मवेअर खरोखर मोकळं आहे आणि बाकीचे आठही मॉडिफायर निघतील. 'माहीत नाही' किंवा 'सर त्यात सॉफ्टवेअर येतं' असं आलं तर दुसरा कीबोर्ड बघा.

क्यूएमके, व्हीआयए, व्हायल

नावं ऐकून घाबरू नका. क्यूएमके हे फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डाच्या आत राहणारा मोकळा, ओपन सोर्स प्रोग्रॅम. व्हीआयए, लोक 'व्हाया' म्हणतात, हे त्या क्यूएमकेला बाहेरून सेटिंग द्यायचं अॅप. क्रोम किंवा एजमध्ये वेबसाइट उघडली की चालतं, फायरफॉक्स आणि सफारीत चालत नाही, तेव्हा तिथे अडकून 'माझा कीबोर्ड खराब निघाला' असं करू नका. स्क्रीनवर तुमच्या कीबोर्डाचं चित्र येतं, बटणावर क्लिक करा, खालून नवीन काम निवडा, झालं, सेव्ह पण करावं लागत नाही, लगेच कीबोर्डात जाऊन बसतं. क्यूएमकेमध्ये एफएन म्हणजे काही खास नसतं, 'दाबून धरलं की दुसरा लेयर', म्हणजे त्याच बटणांना कामांचा दुसरा संच, एवढंच त्याचं काम, त्यामुळे ते कुठल्याही बटणावर ठेवता येतं.

व्हायल हे व्हीआयएचंच भावंड, पण त्यात आणखी गोष्टी माऊसने करता येतात ज्यासाठी एरवी कोड लिहून फर्मवेअर परत भरावं लागतं. त्यातली एक मला फार हवी होती, पुढे सांगतो. पण व्हायल सगळ्या बोर्डांवर चालत नाही, तुमच्या मॉडेलसाठी कोणीतरी ते तयार केलेलं असावं लागतं, घ्यायच्या आधी त्यांच्या यादीत नाव बघा. चौथं नाव झेडएमके, हे मुख्यतः ब्लूटूथवाल्या आणि दोन तुकड्यांच्या कीबोर्डांचं, तिथे सेटिंगची पद्धत वेगळी, नवख्याने पहिल्याच झटक्यात तिकडे जाऊ नये असं मला वाटतं.

एक फसगत इथे पण आहे. काही स्वस्त बोर्डांवर 'व्हीआयए सपोर्ट' लिहिलेलं असतं पण व्हीआयए त्यांना आपणहून ओळखत नाही, बटणांच्या मांडणीची माहिती असलेली एक जेसन फाइल मागते, ती विक्रेत्याकडून घ्यायची, मग व्हीआयएच्या सेटिंगमध्ये जाऊन डिझाइनचा टॅब चालू करायचा आणि तिथे ती फाइल टाकायची. फाइल मिळाली तर काहीच अडचण नाही. पण कीबोर्ड घ्यायच्या आधी ती फाइल कुठे आहे ते शोधून डाउनलोड करून ठेवा, नंतर लिंक मेलेली निघते.

भारतात सरळ मिळणाऱ्यांत कीक्रॉन सगळ्यात सोपं, पण त्यात पण नीट बघून घ्या, जुने के२, के६ असे नुसते 'के' वाले क्यूएमके नाहीत. 'के' आणि पुढे 'प्रो' किंवा 'मॅक्स' असेल तर क्यूएमके, व्ही आणि क्यू सिरीज क्यूएमके, आणि सी३ प्रो हा वायरवाला स्वस्तातला, तो पण क्यूएमके. के२ आणि के२ प्रो फोटोत जुळे भाऊ दिसतात आणि सेलमध्ये के२ स्वस्त दिसला की हात जातो, तिथेच लोक फसतात. क्यू सिरीज अॅल्युमिनियमची, क्यू१ दीड किलोच्या वर भरतो, दप्तरात टाकून ऑफिसला न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. बाकी मेककीज, स्टॅक्सकेबी असे आपल्याकडचे मेकॅनिकलवाले ऑनलाइन विक्रेते आहेत, त्यांच्या लिस्टिंगमध्ये क्यूएमके की नाही ते बहुधा लिहिलेलं असतं.

बटणं कुठे आहेत ते मोजा

लोक स्विचवर भांडतात, लाल की ब्राऊन. स्विचबद्दल मी दोनच ओळी लिहितो. लाल सरळ जातो, ब्राऊनला मध्ये हलकी अडखळ लागते, निळा टकटक वाजतो आणि निळा घेऊन रात्री काम केलंत तर घरचे बोलतील. हॉट-स्वॅप बोर्ड घ्या म्हणजे नाही आवडला तर स्विच उपटून दुसरा बसवता येतो, सोल्डरिंग नको.

मॉडिफायरसाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खालच्या ओळीत अंगठ्याला किती बटणं पोचतात. अंगठा हा सगळ्यात दणकट आणि त्याला काम काय, तर स्पेस. दोन्ही अंगठ्यांना मिळून एकच बटण आणि करंगळ्यांना डझनभर, हा कुठला न्याय. नेहमीच्या बोर्डावर स्पेसबार ६.२५ युनिटचा असतो, एक युनिट म्हणजे एका अक्षराच्या बटणाची जागा, १९.०५ मिलिमीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना ऑल्ट. डावा ऑल्ट अंगठा जरा आत मुडपला की लागतो, माझ्या हाताला लागतो, तुमच्या लागतो का ते टेबलावर आत्ता आहे त्या कीबोर्डावर बघा. नसेल लागत तर स्पेसबार दोन तुकड्यांत असलेला बोर्ड बघा, कीक्रॉनचा क्यू११ तसा आहे, मधून दोन भाग होतात. जपानी जेआयएस मांडणीचे बोर्ड पण या कामाला भारी, स्पेसबार आखूड आणि दोन्ही बाजूंना जपानीसाठीची जास्तीची बटणं, ती आपण आपल्या मॉडिफायरांना द्यायची. फक्त जेआयएसमध्ये एंटर आणि त्याच्या आसपासचं वेगळं असतं, ते एकदा बघून घ्या.

लहान बोर्डांबद्दल मात्र मराठीवाल्यांनी सावध राहायचं. नेटवर सगळे सांगतात ४० टक्के घ्या, म्हणजे पूर्ण कीबोर्डाच्या मानाने साधारण तेवढाच, कोर्ने नावाचा घ्या, ४२ बटणांत सगळं होतं. होतं, इंग्रजीत. इनस्क्रिप्टमध्ये आपल्याला विरामचिन्हांची बटणं पण अक्षरं म्हणून लागतात. चौकोनी कंसावर ड आहे, अर्धविरामावर च, अवतरणचिन्हावर ट, उलट्या तिरप्या रेघेवर ॉ, बरोबरच्या चिन्हावर ृ, तिरप्या रेघेवर य. आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसकट ज्ञ, त्र, क्ष, श्र. कोर्नेवर आकड्यांची ओळ नाही आणि चौकोनी कंस पण नाहीत, म्हणजे 'डॉक्टर' लिहायला पहिल्या दोन चिन्हांसाठी दोनदा लेयर बदलायचा. नको. ६५ किंवा ७५ टक्के घ्या, बाण पण राहतात आणि आकड्यांची ओळ पण. ६५ मध्ये उजवीकडचे मॉडिफायर बारीक असतात आणि कधी एखादा कमी असतो, तेवढं फोटोत मोजा.

कीकॅप्सचं पण बघा. कॅप्स लॉक १.७५ युनिटचं, कंट्रोल १.२५ चं, म्हणजे काम बदललं तरी वरची टोपी अदलाबदल करता येत नाही. मी तर कशावर काय लिहिलंय बघतच नाही आता, पण ज्यांना चालत नाही त्यांनी जास्तीच्या टोप्या येणारा सेट बघावा. एक्सडीए किंवा डीएसए प्रोफाइलच्या टोप्या सगळ्या ओळींत सारख्या उंचीच्या, त्या तरी कुठेही बसतात, माप जुळलं की झालं.

जन्म लिहिलं की कॉपी, अन्न लिहिलं की पेस्ट

या विषयावर वाचायला लागलात की तिसऱ्याच दिवशी तुम्हाला होम-रो मॉड्स नावाची गोष्ट सापडेल. कल्पना अशी की मधल्या ओळीची अक्षरं टपकन दाबली की अक्षर, धरून ठेवली की मॉडिफायर. ए वर विंडोज, एस वर ऑल्ट, डी वर कंट्रोल, एफ वर शिफ्ट ही एक नेहमीची मांडणी. बोटं जागची हलायलाच नकोत, फार सुंदर वाटतं ऐकायला. मी उत्साहाने लावलं.

इनस्क्रिप्टमध्ये डी वर काय आहे? पायमोड. हलन्त. म्हणजे प्रत्येक जोडाक्षरात डी मध्ये येतो, आणि नेमकं जोडाक्षर लिहिताना माझं बोट त्या डी वर जरा रेंगाळतं, कारण पुढचं अर्धं अक्षर मनात जुळत असतं. क्यूएमकेत टप आणि धरणं यांच्यातली हद्द मुळात २०० मिलिसेकंदांची. तेवढं ओलांडलं की डी चा कंट्रोल. मग 'जन्म' लिहायला गेलो, ज, न, डी धरलेला राहिला, म म्हणजे सी, झालं कंट्रोल सी, कॉपी. 'अन्न' लिहिलं तर न म्हणजे व्ही, दुसऱ्या न ला कंट्रोल व्ही, आधी कॉपी केलेलं सगळं तिथे येऊन पडलं. 'गल्ली' लिहिलं की ब्राउझरची नवी खिडकी. 'भक्ती' मध्ये त म्हणजे एल, कर्सर उडी मारून वर अॅड्रेस बारमध्ये, आणि ती दीर्घ वेलांटी तिकडे एकटीच. 'लज्जा' लिहिल्यावर प्रिंटचा डबा उघडला तेव्हा मी उठून चहा करून घेतला.

हद्द वाढवता येते, मी ३०० पर्यंत नेली, मग खरंच कंट्रोल हवं असायचं तेव्हा ताटकळत बसावं लागायचं. क्यूएमकेत यासाठी आणखी बारीक सेटिंगं आहेत आणि सराईत इंग्रजीवाले ती वापरून मजेत असतात, पण इनस्क्रिप्टच्या मधल्या ओळीत डाव्या हाताला मात्रा, वेलांटी, उकार आणि पायमोड आहेत, म्हणजे भाषेतली सगळ्यात जास्त दाबली जाणारी बटणं, त्यांच्यावर दुहेरी काम टाकणं माझ्या मते चूक. अक्षरांना हात लावू नका. मॉडिफायरांची बटणं मॉडिफायरांतच फिरवा.

स्पेसबार धरला की शिफ्ट, हा जपान्यांत चालणारा जुना प्रकार पण करून पाहिला. ऐकायला झकास. पण मराठीत शब्दाच्या सुरुवातीचा स्वर नेहमी स्पेसनंतर येतो, 'तो आला' लिहायचं तर अंगठ्याने आधी स्पेस टपकन, लगेच परत तोच स्पेस धरून आ. एकाच अंगठ्याला लागोपाठ दोनदा, आणि घाईत पहिला टप गिळला जातो, 'तोआला'. तीन दिवसांत काढून टाकलं.

शेवटी माझी मांडणी काय झाली

कॅप्स लॉकला कंट्रोल. डाव्या ऑल्टला, म्हणजे डाव्या अंगठ्याखाली, वन-शॉट शिफ्ट. वन-शॉट म्हणजे एकदा टपकन दाबून सोडायचं, पुढचं एक अक्षर शिफ्टसकट येतं, धरून ठेवायची गरज नाही, आणि धरलंच तर नेहमीच्या शिफ्टसारखं वागतं. 'आणि' साठी अंगठा, इंग्रजी ई, अंगठा, सी, एफ. 'ओळख' साठी अंगठा तीनदा. करंगळीला काहीच नाही. व्हीआयएमध्ये हे लावायचं तर स्पेशलच्या यादीत शेवटी 'एनी' असं बटण येतं, त्यात क्यूएमकेचा कोड लिहायचा, तो क्यूएमकेच्या माहितीपानांत 'वन शॉट कीज' या पानावर आयता आहे. मूळचा ऑल्ट विंडोजच्या जागी सरकवला आणि विंडोज उजवीकडे पाठवला.

आणि डावा खालचा कोपरा, जुन्या कंट्रोलची जागा, तिथे विंडोज अधिक स्पेस, म्हणजे भाषा बदल. एका बटणात मराठी-इंग्रजी. दिवसातून शंभरदा लागतं हे, 'पीडीएफ' लिहायचं असलं की इकडे, परत तिकडे. खरं तर मला हे कॅप्सवरच हवं होतं, टपकन दाबलं की भाषा बदल आणि धरलं की कंट्रोल. पण क्यूएमकेचं साधं टप-धरा बटण टपच्या बाजूला एकटं साधं बटणच घेतं, विंडोज अधिक स्पेस अशी जोडी घेत नाही. त्यासाठी टॅप डान्स, म्हणजे एकाच बटणाला टपण्या-धरण्याप्रमाणे वेगवेगळी कामं देणं, लागतो, आणि तो माऊसने लावायचा तर व्हायल. मघाशी म्हणालो ती गोष्ट हीच. माझ्या बोर्डाला व्हायल नाही, म्हणून कोपरा. तुम्हाला हे हवं असेल तर घेतानाच व्हायलवाला बोर्ड बघा, नंतर चुटपुट लागते.

अजून एक लक्षात ठेवा, कीबोर्डाला मराठी येत नाही. तो फक्त 'इंग्रजी ई च्या जागेवरचं बटण दाबलं' एवढंच सांगतो, त्याचा ा करायचा की इंग्रजी ई हे विंडोज ठरवतं. त्यामुळे बटणांचे बदल दोन्ही भाषांत सारखेच चालतात, ही चांगली गोष्ट. पण कीबोर्डात मॅक्रो भरून 'आपला विश्वासू' असा मजकूर एका बटणात टाकायचा विचार असेल तर इनस्क्रिप्टच्या बटणांच्या क्रमाने भरावा लागेल, आणि भाषा इंग्रजीवर असताना दाबलं तर कचरा उमटेल.

कीक्रॉन घेतलात तर पहिल्या दिवशीचा गोंधळ सांगून ठेवतो. बहुतेक मॉडेलांत बोर्डाच्या मागे किंवा बाजूला मॅक-विंडोज असा छोटा सरकता स्विच असतो. व्हीआयएत चार लेयर दिसतात, ० आणि १ मॅकचे, २ आणि ३ विंडोजचे. व्हीआयए उघडल्यावर समोर ० येतो, आपण तिथे सगळं मन लावून बदलतो आणि काहीच बदलत नाही, कारण स्विच विंडोजवर आहे आणि चालू लेयर २ आहे. मी पाऊण तास केबल काढ-घाल करत होतो. ब्लूटूथवाला मॉडेल असेल तर सेटिंग करताना केबल लावा, नंतर काढली तरी बदल राहतात. सगळं लावून झालं की व्हीआयएतून ते फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि फारच विस्कटलं तर यांच्या क्यूएमके बोर्डांवर एफएन, जे आणि झेड एकत्र चार सेकंद धरले की फॅक्टरी रिसेट होतो. एफएन तुम्ही हलवलं असेल तर ते आता कुठे ठेवलंय ते मात्र आठवावं लागेल.

सवय लागायला मला पंधरा दिवस लागले. पहिल्या आठवड्यात जुनी डावी शिफ्ट आणि उजवी शिफ्ट दोन्ही व्हीआयएत रिकामी करून टाकली होती, दाबलं तरी काही उमटत नाही, म्हणजे बोट तिकडे जायचं आपोआप थांबतं. मग परत लावून टाकल्या, बाकीच्यांसाठी.

बाकीच्यांसाठी म्हणजे घरातल्यांसाठी, ते एक राहिलंच. माझ्याकडे मॅक नाही, त्यामुळे मॅकचा ० लेयर रिकामाच होता, त्यावर मी साधी, दुकानातून आणल्यासारखी विंडोजची मांडणी ठेवली. मुलगी अभ्यासाला बसली की स्विच मॅककडे सरकवते, तिला कॅप्स लॉक कॅप्स लॉकच्या जागी मिळतं, कंट्रोल कंट्रोलच्या जागी. परत सरकवायला ती विसरते. मग मी सकाळी अख्खा परिच्छेद निवडून कॅप्सवर बोट ठेवून सी दाबतो, परिच्छेद गायब होतो, त्याच्या जागी एकच अक्षर उरतं, आणि ते अनडू करायला परत त्याच कॅप्सकडे बोट जातं.